बघायला आलेली माणसं

दोन हजार तेवीस सालची गोष्ट. तुळशीची लग्नं लागून गेली होती आणि तिवरपाड्याच्या खाडीत तेल शिरल्याला दोन महिने होत आले होते. त्या संध्याकाळी प्रमिला अंगणात बसून चुलीतली राख चाळत होती. हरेश मोटरसायकलवरून उतरलाही नाही, तिथूनच ओरडला, "काकी, उद्या तुझ्याकडं पाव्हनं येनार हायत पनवेलशी. बघाया."

प्रमिलाच्या हातातली चाळण थांबली. "उद्या? अरं, असं अचानक?"

"त्यांना रैवारच जमतो. आठ-धा जनं असतील. एक सर हायेत, बाकी सगली शिकलेली मंडली. घर आवरून ठेव, च्या ठेव. आनि इचारतील ते सगलं सांग, लाजू नको."

"आनि रूपा?"

"तिला पन थांबव घरी. तीच नीट बोलंल." एवढं बोलून तो धूळ उडवत निघूनही गेला.

आपल्याकडे 'बघायला येणार' म्हटल्यावर काय बघायला, असं कोणी विचारत नाही. लग्नाची मुलगी घरात असली तर मुळीच नाही. शिवाय दसऱ्याला प्रमिलानंच हरेशला गळ घातली होती. त्याच्या ओळखीचं एक घर रोडपालीला होतं, मुलगा कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. "बघतो मी," असं हरेश म्हणाला होता. हरेश म्हणजे पाड्याचा उगवता पुढारी. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. तो बघतो म्हणाला की माणसं भरवशावर राहत.

रूपा सत्ताविशीची झाली होती. नाकीडोळी नीटस, बारावी झालेली, हाताला वेग असलेली मुलगी. पण दिवाळीआधी पेणहून आलेली मंडळी उंबऱ्यापर्यंतही पोचली नव्हती. मुलाच्या आत्यानं दारातच पदर नाकाला लावला. "शी बाई, कसला वास हो हा?" म्हणाली, आणि पाणीसुद्धा न घेता सगळी माघारी गेली. पाणी घेतलं असतं तर त्यालाही तोच वास आला असता.

वास कुठे नव्हता? भातात होता, उशीच्या अभ्र्यात होता, म्हशीच्या दुधात होता. कंपनीचा जमिनीखालून जाणारा नळ गणपती उठल्यावर फुटला आणि तेल ओहोळातून थेट खाडीत आलं. भरतीबरोबर ते तिवरांच्या मुळांत घुसायचं आणि ओहोटी लागली की तिथंच राहायचं. चिखलावर शेंबडासारखा चिकट काळा थर बसला होता. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या त्यात अर्ध्या रुतून तोंडं उघडी टाकून मेल्या होत्या, आणि त्यांच्यावर बसलेल्या माश्यांनाही उडता येत नव्हतं. छाती काळी झालेला एक बगळा सबंध आठवडा बांधावर उभा होता. मग तो आडवा झाला, आणि कुत्र्यांनीही त्याला तोंड लावलं नाही.

हीच खाडी प्रमिलाच्या लग्नाच्या वेळी कशी होती! सासूनं पहिल्याच दिवशी तिला गुडघाभर चिखलात उतरवलं होतं. साईसारखा मऊ, गार चिखल. हात घातला की बोटांना चिंबोरी लागायची, आणि चावली तरी सगळ्या हसायच्या. नवरा काशीराम गेल्यावर याच चिखलानं प्रमिलाला आणि तिच्या लेकीला पोसलं होतं. पनवेलच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली होती. एखादी नवखी बाई चिंबोरी उचलून नाकाशी न्यायला लागली, तर प्रमिला तिच्या हातातून ती काढून घ्यायची. "बाय, डोल्यांनी बघ. नाकाला लावायचं ते शिलं. माजं आमच्या खाडीचं हाय." आणि बायका हसून घ्यायच्या.

दोन महिन्यांत त्या जागेवर ती फक्त एकदा बसली होती. नेहमीच्या गिऱ्हाइकानंच चिंबोरी नाकाला लावली, परत टोपलीत टाकली आणि बोटं पदराला पुसली. प्रमिलानं टोपली झाकली. वास तिलाही येत होता.

"बस इथं. पाय दे," ती रूपाला म्हणाली.

चिखलातलं तेल साबणानं जात नाही. त्याला तेलच लागतं. आधी खोबरेल चोळायचं, मग चाळलेली राख, मग गरम पाणी, आणि पुन्हा खोबरेल. प्रमिलानं वाटीत तेल ओतलं आणि लेकीचा पाय मांडीवर घेतला. टाचांच्या भेगांत काळी रेघ शिवल्यासारखी बसली होती. नखांच्या कडा तर डांबरी झाल्या होत्या.

"आये, मानसं तोंड बघाया येतात का पाय?"

"चालवून बघतात गो. मला तर माज्या सासऱ्यानं अंगनभर चालवलेलं. म्हनला, पाय चिखलातला हाय का बघू दे."

"मंग मी बरी की. माज्या पायात सगला चिखलच हाय."

"त्यो चिखल नाय," प्रमिला म्हणाली आणि अंगठ्यानं टाच रगडू लागली. दिवा लावायची वेळ झाली तरी ती रगडतच होती. टाच लाल झाली, पण काळी रेघ निघाली. मायलेकींनी टाच वाकून वाकून पाहिली. रेघ खरंच निघाली होती.

सकाळी प्रमिला पहिल्या एसटीनं उरणला गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं दुसऱ्या कोळणीकडून विकत मासळी घेतली. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून बाजाराच्या पार टोकाला गेली. टपोरी कोलंबी, चार पापलेटं. घरी येऊन कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. चहासाठी आणि प्यायला बाटल्यांचं पाणी आणलं. तेलाची फडकी, काळ्या चपला आणि फाटकं जाळं मागच्या पडवीत पोत्याखाली दडपलं. घरभर ऊद जाळला आणि कोपऱ्याकोपऱ्यात उदबत्त्या खोचल्या. रूपा मोरपंखी साडी नेसली.

अकराच्या सुमाराला पांढरी मिनीबस आली. तिच्यातून उतरलेल्या सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते आणि पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन प्रमिला दारात उभी होती. ती बुटांकडे बघतच राहिली. शहरातली माणसं, जपून येत असतील, अशी तिनं मनाची समजूत घातली. पुढे टोपीवाले सर होते, ते मुलाचे काका असणार. आणि तो उंच, गोरा, गळ्यात कॅमेरा लटकवलेला, तो मुलगा असणार. बाकी बहिणी आणि मित्र. हरेश सगळ्यांच्या पुढे पुढे करत होता.

मंडळी सतरंजीवर बसली. मास्क कोणी काढला नाही. उंच मुलगा चहूकडे बघत म्हणाला, "सर, इथे आत काहीच स्मेल नाहीये. बाहेर किती होता."

"उदबत्त्या लावल्यात ना, सत्यजीत," सर म्हणाले. "बाई, त्या जरा विझवता का? मुलांना खरा वास अनुभवू दे. त्यासाठीच आलोत आपण."

प्रमिलाला शब्द कळले, अर्थ कळला नाही. पण मुलाकडची माणसं सांगतात म्हणून तिनं उठून एकेक उदबत्ती जमिनीवर घासून विझवली. कोपऱ्यातून तो वास हळूहळू घरात परत आला. एका मुलीनं "ईऽऽ" केलं आणि सर तिच्याकडे पाहून समाधानानं हसले.

तेवढ्यात रूपा चहाचं ताट घेऊन आली. डोक्यावर पदर, खाली नजर. सत्यजीत सरळ तिच्या पायांकडे बघू लागला. प्रमिलाचा जीव सुपाएवढा झाला. बघ बाबा, नीट बघ. काल संध्याकाळभर घासलेत.

"अरे, हिचे पाय तर क्लीन आहेत!" सत्यजीत म्हणाला. "हरेशदादा, तुम्ही म्हणाला होता लोकांच्या स्किनवर अजून ऑइल दिसेल. मला क्लोजअप हवे होते."

"असतंय हो, असतंय," हरेश घाईनं म्हणाला. "काकी, हिचे पाय कशाला धुतलेस? तुला कोनी सांगितलं?"

प्रमिला आळीपाळीनं हरेशकडे आणि सरांकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "ही मानसं पोरीला बघाया नाय आली?"

मग मागच्या बाजूनं कोणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू मास्कमध्ये कोंबलं.

"छे छे, काहीतरी गैरसमज झालेला दिसतो," सर म्हणाले. "मी विनायक सर. ही आमच्या कॉलेजची मुलं. तेलगळतीनं बाधित झालेली गावं बघायला आलोत. मी हरेशरावांना तसा निरोप दिला होता."

"मी तेच सांगितलं," हरेश म्हणाला. "बघाया येनार म्हटलं. खोटं काय बोललो?"

खोटं तो बोलला नव्हता. रूपानं ताट खाली ठेवलं. कप एकमेकांवर आपटले नाहीत, इतक्या सावकाश ठेवलं. सरांच्या शेजारी अनुया नावाची मुलगी बसली होती. तिची नजर रूपाच्या साडीवर गेली, तिथून विझलेल्या उदबत्त्यांवर आणि तिथून दारातल्या पाण्याच्या तांब्यावर. तिनं मास्क खाली ओढला. चहाला कोणीच हात लावला नाही.

मग सगळी खाडीवर गेली. ओहोटी होती. काळा थर उन्हात चकाकत होता आणि मधूनच त्यातून बुडबुडा फुटत होता. मुलं बांधावर दाटीवाटीनं उभी राहिली. "ग्रोस यार!" "उलटी होईल मला." "थांब, आधी माझा एक काढ." एकीनं मागे खाडी येईल अशी उभी राहून चेहरा दुःखी केला आणि दुसरीनं तिचा फोटो काढला.

"ताई," सत्यजीत रूपाला म्हणाला, "तुम्ही एकदाच जरा आत उतराल? गुडघ्यापर्यंत. साडीमुळे तर फोटो अजून स्ट्राँग येईल."

"उतर रूपा," हरेश म्हणाला. "तुला काय नवीन हाय? वर्तमानपत्रात येईल. मंग कंपनीला ऐकावं लागंल."

रूपा वाकली. तिनं निऱ्या उचलल्या. तिच्या तोंडावर राग नव्हता, लाज नव्हती, काहीच नव्हतं. आणि तेच प्रमिलाला बघवलं नाही.

"थांब गो. तिचे धुतलेले हायत," ती म्हणाली. "माजे बघा."

तिनं लुगडं खोचलं आणि बांधावरून खाली पाय टाकला. ज्या चिखलात ती नवरीची सून झाली, त्यात उतरताना तिला आयुष्यात पहिल्यांदा किळस आली. तो आता गार नव्हता. कोमट होता. पायाला चिकटून बोटांच्या बेचक्यांत शिरला, आणि पाऊल उचललं तशी तार धरून वर आला. आतलं काहीतरी कुजलेलं टाचेखाली पिचलं. वरून कॅमेऱ्याची टकटक चालू होती.

"आजी, थोडं डावीकडे. हां. पाय वर. परफेक्ट!"

प्रमिलानं तोंड फिरवलं आणि चिखलात थुंकली. चाळीस वर्षांत ती त्या खाडीत कधी थुंकली नव्हती.

घरी परतल्यावर प्रमिला अंगणात बसली. तिच्या पोटऱ्यांवरून काळं ओघळत होतं. ती तशाच स्थितीत म्हणाली, "भाकऱ्या केल्यात. जेवून जावा." माणसं कशालाही आलेली असोत, दारात आली होती.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. "आमचे डबे आहेत," विनायक सर म्हणाले. "आणि इथलं काही खायचं नाही, असं कॉलेजनं बजावलंय. राग मानू नका."

"इथलं नाय हो," प्रमिला म्हणाली. "उरणचं हाय."

म्हणाली खरी, आणि तिचं तिलाच ते वाक्य लागलं. आत रूपानंही ते ऐकलं. ती खोबरेलाची वाटी घेऊन बाहेर आली, मोरपंखी साडीतच खाली बसली आणि तिनं आईचा पाय मांडीवर घेतला. "साडी गो, साडी!" असं प्रमिला म्हणेपर्यंत निऱ्या काळ्या झाल्या होत्या. रूपा चोळत राहिली. सत्यजीतनं कॅमेरा उचलला.

"दादा," रूपा मान वर न करता म्हणाली, "झालं ना बघून?"

अनुयानं पुढे होऊन कॅमेऱ्यावर हात ठेवला. मिनीबस गेली तेव्हा कालवणावर साय धरली होती. ते मायलेकींनीही खाल्लं नाही.

पुढे विनायक सरांनी यावर एक प्रदर्शन भरवलं. त्यात दोन काळ्या पायांचा फोटो होता, चेहरा नव्हता. सत्यजीतला त्या फोटोचं बक्षीस मिळालं. तो आता आखातात एका तेल कंपनीत आहे. अनुया नंतर एकदा एकटीच आली होती, येताना मोरपंखी साडी घेऊन. रूपानं तिला चहा दिला आणि साडी परत केली. चहा अनुयानं संपवला, वासासकट.

खाडी साफ करायचं काम हरेशला मिळालं. त्याच्या माणसांनी चिखलाचा वरचा थर पोत्यांत भरला आणि शाळेमागच्या खड्ड्यात टाकला. पावसाळ्यात तो परत खाडीत आला. तोवर हरेश ग्रामपंचायतीत निवडून आला होता.

रूपाचं लग्न पुढच्या वर्षी आपटा गावच्या देवेशशी झालं. तो टेम्पो चालवतो. बर्फ टाकायला तो पाड्यावर यायचा, आणि काळ्या पायांची रूपा त्यानं कितीदा पाहिली होती, कोणी दाखवायला न नेता. हळदीला सवाष्णींनी नवरीच्या पायांना तेल लावलं. प्रमिला विधवा, ती दाराआड उभी होती. तिनं आपला तेलाचा हात त्या संध्याकाळीच लावून घेतला होता.

प्रमिला अजून पनवेलच्या बाजारात त्याच जागी बसते. पहाटे उरणहून माल उचलते. टोपलीत टाकण्याआधी प्रत्येक चिंबोरी स्वतःच्या नाकाशी नेते. गिऱ्हाईक वाकून वास घेऊ लागलं, तर आता ती हातातून काढून घेत नाही. नजर टोपलीतच ठेवते आणि हळूच म्हणते, "घे बाय. आमच्या खाडीचं नाय."