उसना पाय

वर्णन

नवी जात जाहीर करायची तर आधी तिचं चित्र काढावं लागतं. माइट म्हणजे कोळ्याच्या गोतातला, टाचणीच्या डोक्याएवढा, गोड्या पाण्यात पोहणारा तांबडा जीव. त्याचा केस न् केस, काटा न् काटा कागदावर उतरायला हवा. नीरजा हे काम बेंगळूरला, जयनगरच्या घरी, खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक मांडून करायची. तिच्या चित्रांवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत. दुखणं तेच होतं.

नर (एकच मिळाला)

बेळ्ळंदूरच्या मागे, जुन्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यातला. माद्या भरपूर होत्या, पण या माइटची जात मादीवरून ठरत नाही. ठरते ती नराच्या चौथ्या जोडीच्या पायांवरून. मादीला धरून ठेवायला तिथे एक काटा असतो, त्याच्या वळणावरून. त्यातला एक पाय जाळीत अडकून आधीच तुटला होता. दुसऱ्यावर नीरजानं काच ठेवली आणि बोट जरा जड पडलं.

पायाचा चुरा झाला.

चौथ्या जोडीचा पाय

(इथे जागा रिकामी सोडायला हवी होती.)

फडताळात कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, तळ्यातल्या माइटची एक बाटली होती. सुप्रीता तिची विद्यार्थिनी असताना दोघी तिकडे गेल्या होत्या, तेव्हाची. त्या बाटलीतला नर खाणीतल्या नरासारखाच दिसत होता. भावंडंच असणार, असं मनाला समजावून नीरजानं त्याचा पाय बेंगळूरच्या धडाला जोडला. चित्रातच फक्त. प्राणिशास्त्राच्या मासिकानं ते छापलं, जात नवी ठरली, कौतुक झालं. खाण बुजवून तिथे इमारत उभी राहिली. आता खरंखोटं करायला कोण जाणार, आणि कुठे?

तरी ते पान उघडायची वेळ आली की नीरजा ते नखानं पटकन उलटत असे.

आढळ

रविवारी सकाळी सुप्रीता आली, एचएसआर लेआउटहून.

"सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये म्हातारी झाले बघा, अक्का. चिरोटे आणलेत. आणि एक वाईट बातमी आहे, पण मी रडून घेतलंय, तुम्ही नका रडू."

"काय झालं ग?"

"माझा कोडगूचा माइट नवा नाही. तुमचाच निघाला."

तिनं लॅपटॉप उघडला. एका बाजूला तिनं काढलेला फोटो, दुसऱ्या बाजूला नीरजाचं चित्र.

"पाठीवरची ढाल वेगळी, तोंड वेगळं. पण पाय? एक केस इकडचा तिकडे नाही. मग म्हटलं, बाकीचं प्रदेशाप्रमाणे बदलत असेल. पठारापासून कोडगूपर्यंत जात एकच. प्रबंधातलं ते प्रकरणच काढून टाकलं. सरी, जाऊ दे, आपलं नशीब."

"ढाल एवढी वेगळी असून?"

"पाय तुम्ही काढलाय म्हटल्यावर मी ढालीचं कशाला ऐकू?" सुप्रीता हसली. "कॉफी आहे का स्वल्प?"

नीरजा आत गेली, दूध तापत ठेवलं. काही करायचंच नव्हतं. 'अरेरे' म्हणायचं आणि पेला पुढे करायचा, एवढंच. पोरीची चार वर्षांची मेहनत आपोआप बुडाली असती, वर तिनं आभारही मानले असते. दूध उतू गेलं ते नीरजा नुसती बघत राहिली.

चर्चा

"जुळणारच तो," बाहेर येऊन ती म्हणाली. "तो पाय तुझ्याच माइटचा आहे."

सुप्रीता आधी हसली, मग नाही.

"म्हणजे काय, अक्का?"

नीरजानं सांगितलं. काच, बोट, बाटली. मध्येच 'तेव्हा घाई होती' असं ओठांवर आलं, ते तिनं गिळलं.

"मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते, त्या तळ्याची बाटली? तुम्ही माझ्या पायाच्या जळवा काढत होता, त्या दिवसाची?"

"तीच."

"आमचे गाइड म्हणत होते, ढाल बघ, ढाल बघ. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, नीरजाक्का चुकीचं काढणार नाहीत." तिनं पडद्यावरचं चित्र मोठं केलं. "मग खाणीतल्या नराचा पाय खरा कसा होता?"

"माहीत नाही. चुरा व्हायच्या आधी मी नीट बघितलाच नव्हता."

"आणि खाण?"

"बुजली."

सुप्रीतानं लॅपटॉप फिरवून नीरजापुढे सरकवला.

"मासिकाला कळवा. आत्ता. मी बसते इथे. लिहा, मॅडम."

इतक्या वर्षांत ती नीरजाला मॅडम कधी म्हणाली नव्हती.

दुरुस्ती

'चित्रातला चौथ्या जोडीचा पाय या जातीचा नाही. मूळ नमुन्याचा पाय माझ्या हातून नष्ट झाला. त्याच्या जागी मी दुसऱ्या माइटचा पाय काढला.'

"कुठल्या दुसऱ्या, तेही येऊ दे."

'कोडगूमधल्या, सुप्रीता यांनी गोळा केलेल्या. जात:'

नीरजाचा हात थांबला. "तू नाव ठरवलं असशील ना काही?"

"ठरवलं होतं."

"काय?"

"ते आता तुम्हाला नाही सांगणार," सुप्रीता म्हणाली. "छापून येईल तेव्हा वाचा."

नीरजानं लिहिलं, 'अजून अनाम'. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि पाठवून दिलं.