आजोबांचं ‘हं’

"बाईंचं हल्ली आटलंय," आजोबा म्हणाले. "कधीपासून मला नुसतं ‘हं’ देतायत. ‘हं’ म्हणायला नट कशाला लागतो? म्हैस आणून उभी करा, तीही म्हणेल."

हे ते मेकअपदादाला सांगत होते आणि मी भिंतीच्या अलीकडे बसून ऐकत होते. आमच्या मालिकेतला बंगला समोरून भव्य आणि मागून खोक्याचा आहे. दिवाणखान्याच्या पाठीमागे माझं मालिका लिहायचं टेबल, टेबलापलीकडे मेकअपची खोली, मध्ये बोटभर जाडीचं प्लायवूड. त्यामुळे स्वतःबद्दलची सगळी मतं मला घरपोच मिळतात.

मेकअपदादा गप्प होता. एरवी तो एक मिशी चिकटवेपर्यंत दोन घटस्फोट आणि एक साखरपुडा सांगून मोकळा होतो. आज त्याच्या तोंडातून शब्द फुटेना, कारण त्याला माहीत होतं. सेटवर सगळ्यांनाच माहीत होतं. फक्त आजोबांना नव्हतं.

झालं होतं असं. एका दुपारी आजोबांना एवढंच म्हणायचं होतं : ‘दार लोटून घे, वारा येतोय.’ ते ‘दार’ या शब्दापर्यंत आले आणि थांबले. दुसऱ्या खेपेला वारा आधी आला आणि दार राहिलं. तिसऱ्या खेपेला दोन्ही गेली. दिग्दर्शक ओरडला की लाइट हलतोय. लाइटवाल्याने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही, पण त्या दिवशी त्याने निमूटपणे एक चांगला चालणारा लाइट बंद केला आणि "हो, हलत होता," म्हणाला. चहाची सुट्टी झाली. चहा पिताना सगळे हवामानावर बोलले.

मी प्लायवूडमागे आले आणि आजोबांची वाक्यं काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं बोलणं मोठ्या सुनेच्या तोंडी गेलं. ती पदर सावरत विचारायची, "म्हणजे बाबा, तुम्हाला असंच म्हणायचंय ना, की हे घर तुम्ही घाम गाळून उभं केलंत आणि ते विकायचा कुणी विचारही करू नये?" आणि आजोबा म्हणायचे, "हं." मोठी सून खूश होती. तिची वाक्यं दुप्पट झाली होती आणि डोळे पुसायच्या जागाही.

मालकांपर्यंत मात्र हे जाऊ द्यायचं नाही, हे कुणी न ठरवता ठरलं होतं. मालक म्हणजे आमचे निर्माते. ते वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसतात. त्यांच्या कानावर गेलं असतं तर आजोबांना अपघात झाला असता. आमच्या मालिकेत अपघात झाला की पट्ट्या सुटतात तेव्हा आतून भलताच माणूस निघतो आणि घरातले त्याला बिनतक्रार ओवाळून आत घेतात. धाकटा मुलगा असाच बदललाय. आजोबांना काम नसलं तरी ते सेटवर येतात, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चुका काढतात. घरी त्यांची वाट बघणारा असा फक्त एक रेडिओ आहे. तो माणूस पट्ट्यांमागे कसा घालवायचा?

शिवाय माझं एक देणं होतं, पैशाचं नव्हे. मी कुठे शिकून लेखिका झालेली नाही. दुसऱ्यांच्या पटकथा टाइप करून द्यायचे आणि टाइप करता करता हळूच वाक्यं सुधारायचे. एका लेखकाने हे पकडलं. आधी मला झाप झाप झापलं, मग उरलेली मालिका माझ्यावर टाकून बायकोला घेऊन फिरायला गेला. पुढे मी स्वतःच्या नावावर एक सिनेमाही लिहिला. शुक्रवारी लागला, सोमवारी उतरला. माझ्या सासूबाई तो बघायला मंगळवारी नवी साडी नेसून तयार होत्या. त्या सिनेमात नायकापासून घोड्यापर्यंत प्रत्येकाने माझी वाक्यं आपापल्या सोयीने चघळली. फक्त पोस्टमास्तरचं काम करणाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "बाई, इथलं ‘बरं’ रागाने आहे की दमून?" मी म्हटलं, दमून. त्यांनी ते असं म्हटलं की मला घरी जाऊन झोपावंसं वाटलं. तेच हे आजोबा. माझ्या ‘बरं’ची एवढी चौकशी नवऱ्यानेही अजून केलेली नाही.

तर आजोबा गप्प झाले आणि मालिका घसरली. पहिला अहवाल सासूबाईंचा आला. पूर्वी तुझा म्हातारा बोलायला लागला की माझं दूध उतू जायचं, हल्ली ओटा स्वच्छ असतो, असं त्या म्हणाल्या. दुसरा अहवाल वरून आला. मालकांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं, आकडे दाखवले आणि अत्यंत गोड आवाजात सांगितलं की एक नवा लेखक तयार आहे. तुमचं आटलंय हे काही मी म्हणत नाही, खुद्द आजोबाच म्हणतात, आणि ते कशाला खोटं बोलतील?

माझी नोकरी वाचवायला एक वाक्य पुरेसं होतं. आयुष्यभर संवाद लिहून पोट भरलेल्या बाईला ते म्हणता येईना.

"हं," मी म्हणाले.

तेवढ्यात दार ढकलून आजोबाच आत आले. मिशी अर्धी चिकटवलेली, जिना चढून धाप लागलेली. बातमी खाली पोचली होती. त्यांनी माझी बाजू लढवली. इतकी, की मलाच स्वतःची कीव आली. चांगल्या चांगल्यांचं अडतं, बाईंचंही अडलंय. मी ते ‘हं’ जमेल तेवढं भरून म्हणतोय, पण मलाही मर्यादा आहेत. "त्यांना एक दणदणीत प्रसंग लिहायला सांगा," ते म्हणाले. "दोन पानं असोत, चार असोत, मी उभा करतो. मग बघा."

मालक उठून उभेच राहिले. ठरलं. आजोबांचं भाषण. मालक स्वतः खाली येऊन बघणार. जमलं तर बाई राहतील.

जिना उतरताना आजोबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि घाबरू नका, असं सांगितलं.

घरी बसून मी आधी वाईट लिहायचा प्रयत्न केला. भाषण पडलं तर दोष माझा, आजोबा सहीसलामत. इतक्या वर्षांची सवय असूनही वाईट जमेना. आजोबांचा आवाज कानात होता आणि हात त्या आवाजामागे धावत होता. शेवटी छोटी छोटी वाक्यं लिहिली, एकाने दुसऱ्याचं बोट धरलेली, म्हणजे एक आलं की पुढचं आपसूक यावं. इतकं चांगलं मी सिनेमातही लिहिलं नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी सेटवर एवढी शांतता होती की प्लायवूड कुरकुरलेलं ऐकू येत होतं. मोठ्या सुनेने तळहातावर पेनाने शब्द लिहून घेतले होते. दिग्दर्शकाने फुलदाणीला मागून कागद चिकटवला होता. मेकअपदादा कॅमेऱ्याशेजारी उभा राहून ओठांची तालीम करत होता. मालक मधोमध खुर्ची टाकून बसले.

"हे घर मी बांधलं," आजोबा म्हणाले, "तेव्हा याला दारं नव्हती."

सगळ्यांनी श्वास सोडला. तो तसाच बाहेर राहिला, कारण पुढचं वाक्य आलंच नाही. पुन्हा घेतलं. पुन्हा दारं नव्हती, आणि पुढे काहीच नव्हतं. तिसऱ्यांदा आजोबा थांबले आणि माझ्याकडे वळून, मला लाज वाटू नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, "बाई, इथे तुमचं तुटलंय हो. मधलं काहीतरी लिहायचं राहिलंय."

लाइटवाल्याने सवयीने एक लाइट बंद केला.

मालकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. राहू द्या आजोबा, तुम्ही तरी किती सांभाळून घेणार, असं म्हणत ते उठले. मी तोंड उघडलं. दिग्दर्शकानेही उघडलं. दोघांनी मिटलं.

"थांबा," आजोबा म्हणाले. "बाई, बघू तुमचा कागद."

त्यांचा चष्मा मेकअपच्या खोलीत होता. मोठ्या सुनेने स्वतःचा काढून दिला. ते वाचायला लागले, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग पुन्हा वरपासून.

"हे शेवटचं ‘बरं’ दमून आहे ना?"

"हो काका. दमून."

त्यांनी कागद खाली केला आणि त्यांचं लक्ष सुनेच्या तळहाताकडे गेलं. तिने मूठ मिटली. मग फुलदाणीकडे. मग मेकअपदादाकडे, ज्याचे ओठ अजून दुसऱ्या वाक्यावरच होते. आजोबांनी चष्मा काढून पुसला, वास्तविक तो त्यांचा नव्हता, आणि सुनेला परत दिला.

"बाईंचं काही आटलेलं नाही, मालक," ते म्हणाले. "इथे सगळं आहे. मला आठवत नाही."