सहावी आणि सातवी खुर्ची

डायलिसिस विभागाचं वेळापत्रक मी लावते. दहा खुर्च्या, दहा मशीन, दिवसाला दोन पाळ्या. रुग्ण आला की आधी वजन, मग रक्तदाब, मग हातात दोन सुया. चार तास रक्त मशीनमधून फिरतं आणि गाळून परत अंगात जातं. शेवटी पुन्हा वजन. दोन वजनांतला फरक म्हणजे काढलेलं पाणी. इथं सगळं मोजता येतं, म्हणून विज्ञानाची पदवी घेतल्यावर मी या कामात आनंदानं आले.

सकाळच्या पाळीत सहाव्या खुर्चीवर शिवणवाल्या मावशी आणि सातव्या खुर्चीवर लिफ्टवाले काका असायचे. आठवड्यातून तीनदा, चार वर्षं. मावशी घरीच कपडे शिवायच्या, काकांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. दोघं ख्रिस्ती, पण चर्चच्या मंडळ्या वेगळ्या, आणि त्यावरून रोज जुंपायची.

"ताई, तुमच्याकडे टाळ्या वाजवल्याशिवाय प्रभूला ऐकू येत नाही का हो?"

"आणि तुमच्याकडे काय, तो झोपलाय म्हणून सगळे कुजबुजता का, दादा?"

सुई टोचताना मावशी तोंड फिरवायच्या. "जन्मभर मी कापडाला टोचलं. आता कापड सूड घेतंय."

"मी जन्मभर लोकांना वर पोचवलं," काका म्हणायचे. "मला एवढ्यात कुणी वर पोचवू नका म्हणजे झालं."

शेवटचा अर्धा तास प्रार्थनेचा. त्यांचा एक नियम होता: स्वतःसाठी काही मागायचं नाही, फक्त दुसऱ्यासाठी. त्यामुळे आपलं दुखणं आधी दुसऱ्याला सांगावं लागायचं. मीही ख्रिस्ती घरातली आहे. रविवारी उपासनेला आईशेजारी बसते, सगळे डोळे मिटतात तेव्हा मिटते. पण खरं सांगायचं तर या दोघांचा तो अर्धा तास मला अडचणीचाच वाटायचा. रक्तदाब घ्यायला त्यांचं 'आमेन' होईपर्यंत थांबावं लागायचं.

मावशी अधूनमधून हात टेकायच्या. "पुरे झालं. किती दिवस असं गाळून घ्यायचं?"

"सोमवारी या, मग सांगतो," काका म्हणायचे. काय सांगणार ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसायचं. सोमवारी मावशी यायच्या.

दोन महिन्यांपूर्वी एक शिक्षिका नव्यानं दाखल झाली. तिची शाळा दुपारची, म्हणून तिला सकाळचीच पाळी हवी होती. कुणाला तरी दुपारी हलवणं भाग होतं; बाकीच्यांच्या नोकऱ्या दुपारच्या, म्हणजे या दोघांपैकीच एकाला. मी चार वर्षांच्या नोंदी काढल्या. मावशींच्या तेवीस गैरहजेऱ्या, काकांची एकही नाही. मावशींना धक्का लावला तर त्या येणंच बंद करतील. काका मात्र कुठंही टिकतील. हिशेब सरळ होता.

"दुपारी चालेल ना, काका?"

"न चालायला मी काय लिफ्ट आहे, सायंटिस्ट?" ते हसले. माझ्या पदवीवरून ते मला याच नावानं हाक मारायचे. मग ते थोडा वेळ सहाव्या खुर्चीकडे बघत राहिले. मी ते पाहिलं आणि पुढच्या रुग्णाकडे वळले.

दुपारी त्यांच्या शेजारचा रुग्ण कानात तारा घालून झोपायचा. काका चारही तास छताकडे बघत पडून राहायचे. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांचं वजन फार वाढून यायला लागलं. मी रागावले, "काका, पाणी मोजून प्यायचं हे मी तुम्हाला सांगायचं?" ते म्हणाले, "चुकलंच." मग एका बुधवारी ते आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, "येतो गं. जरा कंटाळा आला." मी वहीत लिहिलं: गैरहजर, फोन केला. शुक्रवारी दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. तेही लिहिलं. सोमवारी सुनेनं त्यांना आणलं तेव्हा त्यांना धड श्वासही घेता येत नव्हता. मंगळवारी ते गेले.

चार वर्षं त्यांची हजेरी शंभर टक्के होती, पण ती सगळी मावशींच्या शेजारची. मावशी शेजारी नसताना काका कसे वागतात, याची माझ्याकडे एकही नोंद नव्हती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीत मी ही चूक केली असती, तर सरांनी पान फाडलं असतं.

पुढच्या बुधवारी मी मावशींना सगळं सांगितलं. दोघांच्या हजेऱ्या कशा ताडून पाहिल्या आणि काकांनाच का निवडलं, तेही.

"दादांचा निरोप आला होता मला," मावशी म्हणाल्या. "'ताई, तुम्हीही दुपारी येता का?' मी म्हटलं, दुपारी माझी गिऱ्हाइकं असतात. आणि वर गंमत केली गं. म्हटलं, दादांना सांगा, प्रभू दुपारीसुद्धा जागा असतो."

त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केली नाही. जाताना म्हणाल्या, "शुक्रवारी माझी वाट बघू नकोस."

शुक्रवारी सकाळी सहाला मी माझं काम सहकाऱ्यावर सोपवलं आणि त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला. दार वाजवलं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. मावशींनी बाहेर जायचे कपडे घातले होते, पायात चप्पल होती. शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर त्यांची पिशवी भरून ठेवलेली होती.

"चला, मावशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दादांकडे अशी का नाही गेलीस गं?"

फोन केले होते, असं अगदी ओठांवर आलं. मी ते गिळलं. "जायला हवं होतं."

"लांब होतं का त्यांचं घर?"

"नाही. वीस मिनिटांवर."

मावशींनी मान हलवली, जणू तेवढंच त्यांना विचारायचं होतं. पिशवी उचलली, दिवा मालवला, कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं. जिन्याच्या चौथ्या पायरीवर त्यांना धाप लागली. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत त्या उतरत राहिल्या, आणि मी त्यांच्या एक पायरी पुढे.