बुरूज क्रमांक बावीस

जंगलातून बाहेर काय काय न्यायचं, याचे आमच्याकडे सगळे परवाने आहेत. बांबूचा आहे, सरपणाचा आहे, गवताचा आहे. लाकडाचा तर आहेच, आणि त्यावर हातोड्याचा छापही लागतो. जंगलात काही नेऊन ठेवायचं असेल तर मात्र परवाना नाही. अशी गरज कुणाला पडेल असं सरकारला वाटलं नसावं. मलाही वाटलं नव्हतं.

मी दिव्यानी, वनरक्षक, आंबेटोला बीट. चंद्रपूर जिल्हा जिथे संपतो तिथे आमचं जंगल आहे, नदी ओलांडली की गडचिरोली. माझं गाव कोरपन्याकडचं. तिथे कापूस आणि सिमेंटची धूळ, दोन्ही पांढरं, आणि झाड म्हणजे बांधावरची बाभूळ. भरतीत मी जोरात धावले म्हणून जंगलात आले. अजून प्रोबेशनवर होते, कायम व्हायचं बाकी होतं. नाक्यावर बसायचं, आल्या-गेल्याला हटकायचं, पास फाडायचे. आईला वाटायचं पोरगी वाघ राखते. पोरगी बांबू मोजत होती.

माघात एका सकाळी मनकर्णाबाई नाक्यावर आल्या. पासष्टीच्या असतील. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर खलबत्त्याएवढा दगड.

"कुठी चालल्या बाई?"

"आत."

"कशाले?"

"दगड ठेवाले."

मी लहानूकडे पाहिलं. लहानू आमचा वनमजूर, रोजंदारीवरचा. फाटक उघडणं, वणवा विझवणं, साहेबांना वाट दाखवणं आणि चहा करणं ही त्याची कामं. तो फाटकाची दोरी निरखून पाहत होता, म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

"बाहेर काय नेणार?" मी विचारलं. पासावर पहिला रकाना तोच आहे.

"काईच नाई."

"मग पास कशाचा देऊ?"

"दगडाचा द्या."

"दगड तर तुमचाच आहे."

"मंग पास काऊन लागते?"

याचं उत्तर आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

शेवटी लहानूने तोंड उघडलं. मनकर्णाबाईंचा नवरा सोमाजी, तोही आमचाच रोजंदारी मजूर. गेल्या माघात जंगलाच्या आतल्या तुकड्यात, म्हणजे कक्षात, पालापाचोळा झाडत असताना त्याला मामाने नेलं. इकडे जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत, मामा म्हणतात. मामाने जिथे माणूस नेला तिथे गाव दगड ठेवतं, आणि मग त्या वाटेने जाणारा प्रत्येक जण एकेक दगड वाढवत जातो, ओळखीचा असो की नसो. नाही ठेवला तर गेलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला कुणी विचारत नाही. सोमाजीला जाऊन आता वर्ष झालं होतं.

"केस पिकले तरी रोजंदारीच करे बुढा," मनकर्णाबाई म्हणाल्या. दगड अजून डोक्यावरच होता. "दर साली म्हने, औंदा कायम होतो. कायम झाल्यावर खाकी शिवतो म्हने. मी म्हनो, शिवा." त्यांनी चुंबळीवरचा दगड हाताने सावरला. "आता तिथून डोझर जाते म्हनते. खरं हाय का?"

खरं होतं. वणवा पुढे सरकू नये म्हणून जंगलात मोकळा पट्टा ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. ती यंदा रुंद करायची होती. आखणी झाली होती, यंत्र ठरलं होतं, आणि सोमाजीचा ढीग त्या आखणीच्या बरोबर मध्ये येत होता.

"तेवढा मोडू नका म्हना साहेबाले," त्या म्हणाल्या. "मले दुसरं काई नाई पाह्यजे."

मी सांगितलं की बाई, आत पिलांची वाघीण आहे, कक्ष बंद आहे, आज कुणालाच सोडता येत नाही. त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी दगड उतरवून नाक्याच्या भिंतीशी नीट टेकवून ठेवला.

"हा इथी राहू द्या. मी येईन," म्हणाल्या आणि गेल्या.

मी प्रवीण साहेबांना फोन लावला. ते आमचे राउंड ऑफिसर.

"साहेब, जाळरेषेत ढीग येतो आहे."

"कोणता ढीग?"

"सोमाजीचा."

साहेब म्हणाले, "दिव्यानी, आपल्या आराखड्यात झाडं आहेत, नाले आहेत, पाणवठे आहेत, बुरूज आहेत. ढीग नाही. जे नाहीच ते वाचवायचं कसं?"

प्रवीण साहेब माणूस वाईट नाहीत. सोमाजीला चादरीत बांधून बाहेर आणणाऱ्यांमध्ये ते होते आणि चादर त्यांच्या घरची होती. पण चादर वेगळी आणि आराखडा वेगळा.

"ते राहू दे," साहेब म्हणाले. "बुरुजांना चुना मारून झाला का?"

बुरूज म्हणजे किल्ल्याचा नव्हे. जंगलाची आणि आतल्या कक्षांची हद्द कुठवर आहे हे कळावं म्हणून जागोजागी दगड रचलेले असतात, त्यांना चुना फासलेला असतो आणि चुन्यावर काळ्या रंगात नंबर. दरवर्षी पडलेले दगड परत लावायचे, नवा चुना मारायचा, नंबर उजळायचा, हे बीटच्या वनरक्षकाचं काम. बुरूज हलवणं हा गुन्हा आहे. त्यासाठी माणूस आत जाऊ शकतो, आणि इथे आत म्हणजे जंगलात नव्हे.

"बाकी झाले साहेब. बाविसावा सापडत नाही."

"आधीच्या गार्डांना बरा सापडत होता."

आधीच्या गार्डांना तो दरवर्षी सापडायचा, कारण ते शोधायला जात नसत. हे मी फोनवर बोलले नाही. चुलीपाशी लहानू चहा गाळत होता. त्याने गाळणी तशीच धरून ठेवली होती आणि चहा कधीच संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चला मॅडम, बावीस नंबर दाखवतो."

चुन्याची बादली त्याच्याकडे, काळ्या रंगाचा डबा माझ्याकडे. सागाची पानं पायाखाली इतकी वाजत होती की मामाच काय, त्याच्या नातेवाइकांनाही कळलं असेल आम्ही आलो ते. तरी लहानू मध्येमध्ये मोठ्याने खोकत होता. अचानक समोर येण्यापेक्षा आधी कळवलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. वाटेत त्याने एक दगड उचलून खिशात टाकला. मी पाहिलं नाही असं केलं.

मग तो थांबला. समोर कमरेएवढा दगडांचा ढीग होता. त्यावर गुलाल, नारळाची करवंटी, थोड्या हिरव्या बांगड्या आणि चहाचा एक कप, उलटा घातलेला.

"हा बावीस?"

"हो जी."

"बुरुजावर नारळ कुणी फोडला?"

"लोकं कशालेबी नारळ फोडते मॅडम."

"नकाशात बावीस नाल्याच्या पलीकडे आहे."

"नाला सरकला असन."

मी आणखी एक प्रश्न विचारला असता तर लहानूने खरं सांगितलं असतं. लहानूला खोटं फार वेळ रेटता येत नाही. खरं कानावर आलं असतं तर मला ते वर कळवावं लागलं असतं. प्रोबेशनवरच्या माणसाने फार चौकशा करू नयेत असं माझ्या आईचंही मत आहे. पण मला भीती वाटत होती, ते कशाला लपवू? हद्दीची खोटी खूण उभी केली हे उघडकीला आलं असतं तर माझी खाकी उतरणार होती, आणि ती मी पळून पळून मिळवली होती. भिंतीशी टेकवलेला तो दगड मात्र कालपासून माझ्या डोक्यात होता.

मी ब्रश मागितला.

लहानूने कडेचे दगड रचून ढिगाला चौकोनी आकार आणला. आतला एकही हलवला नाही. करवंटी आणि बांगड्या त्याने मागच्या फटीत सरकवल्या. कपाला त्याने हात लावला नाही, म्हणून मीही लावला नाही. चुना वाळल्यावर मी नंबर टाकला. घाईत दुसऱ्या दोनाची शेपटी जरा लांबली.

यंत्र आलं त्या दिवशी प्रवीण साहेब स्वतः जीपने आले. डोझर झुडपं लोळवत ढिगापर्यंत आला आणि थांबला.

"साहेब, नंबर हाय याच्यावर," ड्रायव्हर वरूनच ओरडला.

साहेब खाली उतरले. त्यांनी बुरुजाकडे पाहिलं, मग कपाकडे पाहिलं. कपाकडे जास्त वेळ पाहिलं. मग जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला, त्यावर बोट फिरवलं, आणि बोट नाल्याच्या पलीकडे जाऊन थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नकाशात डोकं घातलं.

"नकाशा जुना आहे," साहेब म्हणाले.

"मंग सरळ घेऊ का?" ड्रायव्हरने विचारलं.

"सरळ? डोळे फुटले का तुझे? बुरूज आहे तो! केस कुणावर होईल, तुझ्यावर की माझ्यावर? वळवून घे."

डोझर कुरकुरत वळला. नोटीस चिकटवायला सांगावं तशा आवाजात साहेब मला म्हणाले, "देखभाल नीट करत जा. वरचा एक दगड पडलेला दिसतो." वरचा एकही दगड पडलेला नव्हता. साहेबांनी वाकून पायाजवळचा एक उचलला, बुरुजावर ठेवला, हात पँटला पुसले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पुढे कक्ष उघडल्यावर मनकर्णाबाई आल्या तेव्हा मी पास तयार ठेवला होता. कामाचं स्वरूप: बुरूज दुरुस्ती. वस्तू: दगड, एक. 'बाहेर' हा छापील शब्द खोडून वर 'आत' लिहिलं. त्यांनी चुंबळ नीट केली, लहानूने दगड त्यांच्या डोक्यावर ठेवला, आणि आम्ही तिघं निघालो. पुढे लहानू, खोकत.

ढीग दिसला आणि त्या थबकल्या. मी त्यांना चुन्याचं सांगितलंच नव्हतं. कसं सांगायचं ते सुचलं नव्हतं.

"हे कोनं केलं?"

"मी केलं बाई."

"पांढरा फासला माया बुढ्याले?" त्यांचा आवाज चढला. "गुलाल कुठी गेला? कोनाले इचारलं नाई, कोनाले सांगतलं नाई, अन् चुना फासून देल्ला तुमी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "बाई, म्हणाल तर धुऊन टाकते. पण धुतला तर उद्या डोझर येईल."

वळलेल्या जाळरेषेकडे त्यांची नजर गेली. डोझरच्या पट्ट्यांच्या खुणा ढिगापर्यंत येऊन, त्याला मोठा फेरा घालून पुढे गेल्या होत्या. बराच वेळ त्या ते पाहत होत्या.

"अन् हा आकडा कायचा?"

"नंबर आहे. सरकारी."

"रोजंदारीचा?"

"नाही बाई. याची नोंद असते. दरवर्षी चुना, दरवर्षी नवे दगड. साहेबसुद्धा येऊन पाहतात. आता याला कुणी इथून हलवू शकत नाही, काढू शकत नाही."

"कधीपर्यंत?"

"जंगल आहे तोवर."

लहानूने दगड उतरवायला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. दगड स्वतः उतरवला, वर ठेवला, हलत नाही ना ते दाबून पाहिलं. मग पदर सारखा केला, बुरुजाजवळ खाली बसल्या, आणि बाजारातून आलेली बाई घरात शिरता शिरता बातमी सांगते तशा म्हणाल्या,

"आयकलं का जी? कायम झाले तुमी."

मला रडू आलं. रागही आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी टोपी काढून परत घातली. मनकर्णाबाईंनी सोमाजीचा उलटा कप सुलटा करून पुसला आणि पुन्हा तसाच उलटा घातला.

परत निघताना लहानूने खिशातला दगड काढून बुरुजावर ठेवला. नंबराकडे पाहत तो क्षणभर उभा राहिला. त्याचेही केस पिकायला लागलेत, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तेवीस नंबर जागेवर हाय का?"

"आहे!" मी म्हणाले, गरजेपेक्षा बरंच मोठ्याने. "पक्का आहे. मी स्वतः पाहिलाय."

"बरं," लहानू म्हणाला, आणि काठी घेऊन, खोकत, आमच्या पुढे चालू लागला.