माझ्या चाकामागचा ठोकळा

मी एक पिकअप बोलतेय. पुढे केबिन, मागे उघडा हौदा आणि हौद्याखाली ट्रेलर जोडायचा हूक, एवढाच माझा संसार. वय विचारू नका. आणि आधीच सांगून ठेवते, गेल्या महिन्याभरात माझ्या डोक्याचा पार गोंधळ उडालाय. काही पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्या.

जन्म कारखान्यातला, पण वेल्डिंगच्या ठिणग्यांपलीकडे त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते तलावाकाठचं बोटदुरुस्तीचं वर्कशॉप. मला घ्यायला तिथले दोघे भाऊ आले होते. मोठ्याने चाकांना लाथा मारून पाहिल्या. धाकट्याने सरळ आत बसून हॉर्न वाजवला. धाकटा मोठ्याला दादा म्हणायचा, म्हणून मीही दादाच म्हणते. मला चालवायचा मात्र धाकटा. दादांचा हात लाकडावर बसलेला, स्टिअरिंगवर यथातथाच.

वर्कशॉपपुढे काँक्रीटचा एक उतार थेट पाण्यात जातो. मी उलटी जायची, ट्रेलर पाण्यात बुडायचा, त्यावर बोट यायची आणि मग मी ओढायची. उताराच्या मध्यावर थांबून बोटीचे पट्टे पुन्हा आवळावे लागत. तेव्हा धाकटा हँडब्रेक ओढून खाली उतरायचा, माझ्या मागच्या चाकामागे लाकडी ठोकळा सरकवायचा आणि मोठ्याने ओरडायचा, “लावला!” ते ऐकल्याशिवाय दादा ट्रेलरच्या मागे पाऊल टाकत नसत. ठोकळा दादांनीच तासलेला होता, धरायला दोरीची मूठही होती.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन इंजिनांची एक पांढरी बोट बाहेर काढत होतो. धाकटा ओरडला, “लावला!” दादा मागे गेले. आणि मी घसरले. ब्रेक लागलेला, ठोकळा चाकाला टेकलेला मला नीट जाणवत होता, तरीही शेवाळावरून चाकं आणि ठोकळा सगळं मिळून खाली गेलं. ट्रेलरचं चाक दादांच्या पायावरून गेलं. ठोकळा तरंगत कुठे गेला कुणास ठाऊक.

दवाखान्यातून आल्यावर दादा एवढंच म्हणाले, “ठोकळा न लावताच ओरडलास.”

“लावला होता, दादा.”

“मग कुठाय?”

ठोकळा लागला होता हे मला ठाऊक होतं, पण मला हॉर्नशिवाय दुसरं काय बोलता येतं? महिन्याभरात धाकटा दुसऱ्या शहरात क्रेन चालवायला निघून गेला. दादा लंगडू लागले. वहिनी दर रविवारी धाकट्याला फोन करायच्या आणि दादा नेमके त्याच वेळी रंधा मारायला बसायचे. मी मात्र सहा वर्षं एकच विचार करत राहिले. ठोकळा होता, ब्रेक होता, मग मी घसरले कशी? शेवटी ठरवलं, खोट माझ्यातच असणार.

आता या महिन्याचं ऐका. दादांनी नवीन पिकअप घ्यायचं मनावर घेतलं. माझा क्लच जळायला लागला होता, त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या लेकीने एक वही केली. तीन मॉडेल, त्यांच्यासमोर रकाने. ओढण्याची ताकद वेगळी, वाहण्याची वेगळी. माझ्याच बॉनेटवर वही ठेवून ती दादांना समजावत होती आणि मी कान देऊन ऐकत होते.

“ओढणं आणि वाहणं एकच की गं,” दादा म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

“नाही बाबा. ट्रेलर ओढतो ते ओढणं. हौद्यातलं सामान, केबिनमधली माणसं आणि ट्रेलरचा दांडा हुकावर जो भार टाकतो तो, हे सगळं वाहणं.”

म्हणजे मी इतकी वर्षं दोन कामं करत होते आणि मला एकाचाच पत्ता होता! बरं, पुढे तर कहरच. तिघींमधली पांढरी सगळ्यात आलिशान. मऊ सीट, मोठा टचस्क्रीन, चार दारं. पण वाहण्याच्या रकान्यात ती सगळ्यात खाली.

“एवढी मोठी गाडी आणि भार कमी?” दादांनी चष्मा काढून पुसला.

“तिच्या अंगावरच्या सीटा-दारांचं वजनही त्यातूनच वजा होतं ना.”

लाल गाडी ओढायला दांडगी, पण चाकं पुढची की मागची की चारही फिरणार, यावर तिघांची तीन मतं. करडी मधली. वहिनींना लाल आवडली, का तर लाल म्हणून. एकेक गाडी दिवसभरासाठी अंगणात यायची, माझ्या शेजारी उभी राहायची आणि मी तिच्या आरशात स्वतःचा गंज बघत बसायची. दादा रोज मत बदलत होते आणि मी त्यांच्याशी रोज सहमत होत होते.

करडी गाडी घेऊन आलेल्या विक्रेत्याने विचारलं, “ओढायचं किती?”

“दोन टन,” दादा ठामपणे म्हणाले. “आमची सगळ्यात जड बोट दोन टनांची. कागदावर लिहिलेलंय.”

“कागदावर कोरड्या बोटीचं असतं, काका. इंजिनं, डिझेल, आत साठलेलं पाणी? ट्रेलरचं वजन धरलंत का?”

इतक्या वर्षांत त्या घरात कुणीच ट्रेलर मोजला नव्हता. ट्रेलर म्हणजे घरचा, त्याचं कसलं वजन, असंच सगळे धरून चालले होते.

तीच पांढरी बोट दुरुस्तीला आलेली होती. करडीने ती पाण्यातून काढली आणि ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेली. परत आल्यावर लेकीने चिठ्ठी वाचली. तीन हजार सातशे किलो. मग ती माझ्याकडे आली, माझं दार उघडलं आणि चौकटीवरच्या कंपनीच्या पट्टीवर दादांनीच कधीतरी फासलेला निळा रंग नखाने खरवडू लागली. मला गुदगुल्या झाल्या. खालचे आकडे दिसले तशी ती थांबली.

“बाबा, ही जास्तीत जास्त दोन हजार चारशे किलो ओढू शकते.”

दादा माझ्या पायरीवर बसले.

“तीच बोट होती,” ते म्हणाले. “त्या दिवशी.”

“ठोकळा असूनही गाडी घसरलीच असती, बाबा.”

मला हलकं वाटावं की रडू यावं, कळेना. खोट माझ्यात नव्हती. धाकट्यातही नव्हती. मग सहा वर्षं गेली ती कशासाठी?

दादांनी तिथेच, पायरीवर बसून फोन लावला.

“अरे, मी बोलतोय. गाडी घ्यायचीय. तीन बघितल्या, मला काही सुधरत नाहीये.” मग त्यांनी माझ्या पट्टीवरून बोट फिरवलं. “तू ठोकळा लावला होतास. मी चुकलो रे.”

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. दादा मात्र माझ्या दाराला डोकं टेकून बसून राहिले.

पुढच्या रविवारी धाकटा आला. केस पिकलेत, पण आत बसून हॉर्न वाजवायची सवय तीच. वही त्याने उभ्याउभ्या चाळली आणि म्हणाला, “करडी घे, दादा. ट्रेलर धरूनही ओढते.” महिन्याभराचा घोळ त्याने दोन वाक्यांत मिटवला.

माझं काय होणार, अजून कुणी बोललेलं नाही. वहिनी म्हणतात ठेवू, लेक म्हणते विकू. मला दोन्ही पटतं, हाच माझा स्वभाव. जो कोणी मला नेईल त्याला एकच विनंती, हूक जोडण्याआधी माझ्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचा. मी नाही म्हणू शकत नाही हो. सांगाल तेवढं ओढत राहते.

त्या दिवशी धाकट्याने मला शेवटचं म्हणून अंगणात एक फेरी मारून आणलं. इंजिन बंद करून तो खाली उतरला, तेवढ्यात दादा लंगडत वर्कशॉपमधून आले. हातात नवा तासलेला ठोकळा होता, दोरीच्या मुठीचा. ते कसेबसे वाकले.

“दादा, अंगण सपाट आहे,” धाकटा म्हणाला.

दादांनी ठोकळा माझ्या मागच्या चाकामागे सरकवला, माझ्या हौद्याला धरून उभे राहिले आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असे ओरडले, “लावला!”