अण्णांनी धुतलेला रंग

संग्रहालयातल्या ज्या दगडी बाईच्या मूळ रंगांवर मी सहा वर्षं घालवली, तिला घासूनपुसून पांढरी करणारा माणूस माझ्याच घरात होता.

अण्णा, माझे वडील, तिथे सफाई कामगार होते. मूर्ती जमिनीतून निघून आली तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी फर्मावलं, पुतळा कसा पांढराशुभ्र दिसला पाहिजे. अण्णांनी तीन दिवस तारेच्या ब्रशने तिला घासलं. हे सगळं ते एकदा जेवताना सहज बोलून गेले.

"झगा हिरवा होता बघ. पोपटी नव्हे, शेवाळासारखा. काठाला बोटाएवढे तांबडे मासे."

माझा घास हातातच राहिला. मला तिच्या काखेत निळ्याचे चार कण तेवढे सापडले होते. पण निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा होतो, आणि वनस्पतींपासून केलेले पिवळे रंग मातीत टिकत नाहीत. अण्णांचं म्हणणं जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या प्रमुखांना म्हटलं, "धुण्याआधी मूर्ती पाहिलेलं एक माणूस आहे."

"कोण?"

मी सफाई कामगाराची मुलगी आहे, हे तिथे कुणाला कळू दिलं नव्हतं. "आहेत एक ओळखीचे," मी म्हणाले.

"मग ऐकीव गोष्ट झाली. कण निळे आहेत ना? निबंधात निळा लिहा."

लिहिला.

त्यावरून प्रतिकृती रंगवली. सपाट निळी, पाण्याच्या टाकीसारखी. खाली पाटी: 'मूळ रंग, शास्त्रीय पुराव्यानुसार.' उद्घाटनाला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि झग्याच्या काठाशी वाकून बघत राहिले.

"ही ती नव्हे गं. तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. मानलं नाही त्यांनी."

"माझं नाव घेऊन सांगितलंस?"

तेवढ्यात प्रमुख आले. "हे कोण?"

"माझे वडील."

"वा! काय करायचे आपण?"

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "कारकून होतो," ते म्हणाले. "दुसऱ्या गावी."

पुढे मी दोनदा अण्णांसमोर कागद ठेवला. "सगळं लिहून द्या," मी म्हणाले, "तुमच्या नावानिशी छापते."

"आता नाही आठवत," म्हणत त्यांनी तो बाजूला सारला.

गेल्या वर्षी अण्णा गेले. आता इतर संग्रहालयांतही तसल्या मूर्तींचे झगे निळे रंगवतात. आधार म्हणून माझा निबंध दाखवतात.