एकोणचाळीस जणांचा पासवर्ड

बाईंचा लॅपटॉप मंगळवारी दुपारी गेला, आणि गेला तोही त्यांच्या उपचार-केंद्राच्या बाहेरच्या खोलीतून, जिथे मुलं आणि त्यांचे आईबाप सोडून कुणी फिरकत नसे. अडखळत बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायचं, हे बाईंचं काम. लॅपटॉपमध्ये त्या मुलांचे आवाज होते. 'हे तुझ्यामाझ्यातच' असा शब्द देऊन घेतलेले.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा भाचा हातातलं काम टाकून आला.

"मावशी, आधी पाणी पी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, मीच करून दिली होती. कुणी ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली, तरी त्याला नुसता कचरा दिसेल. जन्मभर बसला तरी."

"आणि काढलीच नाही, नुसतं बटण दाबलं तर?"

भाच्याने डोकं खाजवलं. "डिस्कच्या कुलपाची किल्ली आतल्या चिपमध्ये असते. मशीन चालू झालं की चिप ती आपणहून देते. पण मग ते पासवर्ड विचारतंच ना. तो कुठे चिकटवून नाही ना ठेवलास?"

"मी काय तुझ्या वडिलांसारखी वाटले का?"

"मग कुणाला माहीत आहे?"

बाई भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत मनातल्या मनात मोजत राहिल्या. "एकोणचाळीस जणांना."

बाईंच्या खोलीत एक रीत होती. ज्याचं अवघड वाक्य त्या दिवशी सुटेल, त्याने स्वतःच्या बोटांनी पासवर्ड टाकून लॅपटॉप उघडायचा. या मानासाठी मुलं जिवाचं रान करत.

भाचा हसायला लागला, पण बाईंचा चेहरा पाहून थांबला. "पोलादी दार बसवून दिलं, मावशी, आणि तू किल्ल्या वाटल्यास. बरं, आता हे पासवर्डचं कुणाला सांगू नकोस. डिस्क एन्क्रिप्टेड होती, एवढंच सांग. ते काही खोटं नाही."

"खोटं नाही, पण निम्मंच आहे," म्हणत बाईंनी फोन उचलला.

पहिला नंबर त्यांनी मुद्दाम सर्वांत जड वाटणारा घेतला. ती बारा वर्षांची मुलगी वर्गात हजेरीलाही नुसता हात वर करायची. तिची नक्कल करणाऱ्या मुलींची नावं तिने त्या लॅपटॉपवर एकेक करून सांगितली होती. ते कुणी ऐकलं, तर तिला शाळेत तोंड दाखवणं कठीण झालं असतं.

आईने फोन मुलीकडे दिला. बाईंनी सगळं सांगितलं. लॅपटॉप गेला, कुलूप पक्कं होतं, पण पासवर्ड सगळ्यांना माहीत होता आणि ती चूक बाईंची होती.

पलीकडून एक अक्षर सुरू होऊन अडलं. बाईंच्या तोंडाशी तिचा शब्द आला होता, पण त्यांनी तो गिळला आणि त्या थांबल्या.

"म-मी घेतला असं वाटलं, म्हणून फोन केला?"

बाईंच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. "नाही गं. त्यात तुझा आवाज आहे, म्हणून केला."

"ह-ह-हं. मग बाकीच्यांना हे आधी सांगा. नाहीतर त्यांनाही त-तसंच वाटेल."

"बरं, तसंच करते," बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले. भाचा काही बोलणार तोच त्यांनी त्याला हातानेच थांबवलं आणि दुसरा नंबर लावला.

"मी बाई बोलतेय. आधी एक ऐक राजा, माझा तुझ्यावर काडीचाही संशय नाही. आता काय झालंय ते सांगते."